माघातला मोगरा

२०२४-२५ च्या हिवाळ्यात माझे गुडघे दुखले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने खरे तर यावर देवाचे आभार मानावेत आणि गप्प बसावे. पण आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसणे जमत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या घरी दिवाळी झाली की माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते. तिच्यात घोंगडी, दोन गोधड्या, माझा तपकिरी स्वेटर, कानटोपी आणि हिची शाल. सगळे एक दिवस अंगणात उन्हात पडते आणि घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. त्यानंतर महाशिवरात्रीपर्यंत आमच्या घराचा कारभार थंडीच्या तालावर चालतो. हिला दम्याचा त्रास. पौषातल्या रात्री ती पलंगावर बसून काढते आणि मी उगाच शेजारी बसून राहतो.

त्या वर्षी डिसेंबरात आठ-दहा दिवस थंडी चांगली पडली. परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही म्हटले, आला बुवा हिवाळा. पण तो आला तसा गेला. वेळ अमावस्या ३० डिसेंबरला होती. आमच्या भागात त्या दिवशी घरोघरची माणसे शेतात जेवायला जातात. भज्जी, उंडे, खीर, आंबील असा बेत असतो. माझ्या लहानपणी हे जेवण उन्हाला पाठ देऊन चालायचे. सावलीत बसलेल्याला म्हातारी माणसे ओरडायची, की हीव भरेल. यंदा मात्र सतरंजी घेऊन आम्ही सगळे सावली शोधत होतो. संक्रांतीला घरात पंखा फिरत होता. ही रात्रभर शांत झोपली. मी जागाच होतो, पण मला बरे वाटत होते. ते बरे वाटणेच पुढे मला खुपायला लागले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे सकाळी फिरायला निघालो होतो. रेल्वे फाटक ओलांडून मळ्यांच्या बाजूला वळलो आणि मोगऱ्याचा वास आला. पहिल्यांदा वाटले, कुणाच्या घरी लग्न असेल. मग लक्षात आले की वास मळ्यातून येतो आहे. माघ नुकता लागला होता. माघात मोगरा?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमचे मुदखेड नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. रेल्वेचे जंक्शन म्हणून लोक नाव ओळखतात, पण आजूबाजूच्या परिसराची दुसरी ओळख म्हणजे फुलशेती. इथे मोगऱ्याला पावसाळ्यानंतर विश्रांती देतात. पाणी तोडतात, मग छाटणी करतात, आळी खणून खत घालतात आणि पुन्हा पाणी सोडतात. थंडीभर झाड गप्प असते. ऊन तापू लागले की कळी धरते, आणि लग्नसराईत मोगऱ्याचा खरा हंगाम असतो. म्हणजे हा वास आमच्यासाठी चैत्र-वैशाखाचा. शाळेत असताना वार्षिक परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांना हाच वास असायचा, कारण मुली वेणीत गजरे माळून यायच्या.

मळा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. एक एकर मोगरा, तोही त्याच्या वडिलांनी लावलेला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा. आज पन्नाशीला टेकला आहे. मला पाहून तो वाफ्यातून बाहेर आला, ओंजळभर कळ्या माझ्या हातात घातल्या आणि हसला.

"गुरुजी, यंदा थंडी पडलीच न्हाई बघा. झाडाला वाटलं उन्हाळा आला."

"मग चांगलंच की. भाव मिळत असेल."

"भाव हाय. बाजारात कुणाकडंच माल न्हाई ना." मग तो थोडा वेळ थांबला. "पर झाड झोपलंच न्हाई गुरुजी. झोप झाली न्हाई तर माणूस दिवसभर काम करील का?"

मी त्या कळ्या रुमालात बांधून घरी आणल्या. हिने देवाला वाहिल्या. दिवसभर देवघरात वास दरवळत होता आणि मला मात्र चुकीच्या तासाला घंटा वाजल्यासारखे वाटत राहिले.

आता माझ्या मनातली खरी शंका सांगतो. म्हातारी माणसे प्रत्येक पिढीत हेच म्हणत आली आहेत. आमच्या वेळची थंडी, आमच्या वेळचा पाऊस, आमच्या वेळची ज्वारी. माझे आजोबाही म्हणायचे की आताच्या हिवाळ्यात राम उरला नाही. मग माझी ही काळजी म्हणजे त्याच जुन्या रडगाण्याचे नवे कडवे तर नव्हे? मी काही शास्त्रज्ञ नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. भूगोल शिकवला तो शाळेत दुसरे कुणी नव्हते म्हणून. 'मराठवाड्याचे हवामान विषम आहे' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, त्याची गणती नाही.

पण भूगोल शिकवण्याचा एक फायदा झाला. शाळेच्या ओट्यावर एक तापमापक टांगलेला होता. पहिल्या तासाआधी एका मुलाने तो वाचायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा, अशी मी पद्धत घातली होती. हिवाळ्यात मी स्वतः एका वहीत चार ओळी लिहून ठेवायचो. स्वेटर कधी निघाले, शेकोटी कधी पेटली, आंब्याला मोहोर कधी आला. निवृत्तीनंतर ती वही रद्दीत जायची राहिली होती. मोगऱ्याच्या दिवशी संध्याकाळी ती शोधून काढली.

वही उघडताना मला खात्री होती की जुन्या प्रत्येक पानावर थंडीच थंडी सापडेल. तसे झाले नाही. १९९० च्या जानेवारीत मीच माझ्या अक्षरात लिहिले होते, 'यंदा थंडी नाही. मुले बिनस्वेटरची येतात.' मला हे अजिबात आठवत नव्हते. माझ्या आठवणीतल्या त्या वर्षांत सगळी मुले नाक ओढत, कुडकुडत प्रार्थनेला उभी आहेत.

काही दिवसांनी वर्तमानपत्रात हवामान खात्याची माहिती वाचली. २०२५ चा जानेवारी हा देशाच्या सरासरी तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा तिसरा उष्ण जानेवारी ठरला होता. त्याच्याही वर होते १९५८ आणि १९९० चे जानेवारी. म्हणजे माझ्या वहीतली ती ओळ खरी होती, आणि खोटी निघाली होती ती माझी आठवण. त्यातून १९५८! तेव्हा मी सहा-सात वर्षांचा. ज्या बालपणाच्या थंडीच्या गोष्टी मी नातवंडांना रंगवून सांगतो, त्याच बालपणात देशातला सर्वांत उबदार जानेवारी येऊन गेला होता आणि मला त्याची गंधवार्ता नाही. त्या रात्री मला जरा ओशाळल्यासारखे झाले. आठवण हा पुरावा नव्हे, हे मी इतिहासाच्या तासाला मुलांना सांगत असे. स्वतःला सांगायचे राहून गेले.

मग काळजी सोडून द्यावी का? मीही तसेच म्हणणार होतो. पण जो माणूस आठवणीवर नाही, नोंदीवर विश्वास ठेवायचे ठरवतो, त्याने सगळ्या नोंदी पाहायला हव्यात. आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुण्यातले लोक त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. या खात्याकडे १९०१ पासूनचा देशाचा सलग हिशेब आहे. त्यात पाहिले तर २०२२ चा डिसेंबर हा तोवरचा सर्वांत उष्ण डिसेंबर. २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसाच्या तापमानाचा उच्चांक. २०२४ चा ऑक्टोबर सर्वांत उष्ण ऑक्टोबर. २०२४ हे आख्खे वर्ष सर्वांत उष्ण वर्ष. आणि ज्या फेब्रुवारीत माझ्या हातात मोगऱ्याच्या कळ्या पडल्या, त्या २०२५ च्या फेब्रुवारीचे सरासरी तापमान २२.०४ अंश. नेहमीचे २०.७० असते. तोही १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी.

शाळेत हजेरी घेणाऱ्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. वर्गातला एखादा मुलगा एक दिवस आला नाही, तर आपण विचारही करत नाही. पाहुणे आले असतील, पोट दुखत असेल. पण तोच मुलगा आठवड्यातून दोनदा, मग तीनदा गैरहजर राहू लागला, की मास्तर संध्याकाळी त्याच्या घरी जातो. १९५८ आणि १९९० या दोन जानेवारींमध्ये बत्तीस वर्षे गेली होती. आता अडीच वर्षांत देशाचे चार महिन्यांचे उच्चांक मोडले.

१९५८ चा अजून एक योगायोग आहे. त्याच वर्षी चार्ल्स कीलिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमाने मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो २८० च्या आसपास होता. कीलिंग २००५ साली वारले. त्यांच्या मुलाने, राल्फ कीलिंगने, ते मोजमाप पुढे चालू ठेवले. बापाने सुरू केलेला हजेरीपट मुलगा भरतो आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

हा वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवतो, एवढे तर आता सातवीच्या मुलालाही माहीत असते. पण आमच्या हिवाळ्याचे गणित जरा वेगळे आहे. आमच्याकडची थंडी ही रात्रीची कमाई. आभाळ निरभ्र हवे, हवा कोरडी हवी, आणि उत्तरेकडचे वारे खालपर्यंत यायला हवेत. मग दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळात सोडून देते आणि पहाटे पारा उतरतो. त्यात ढग आले की गोधडी पांघरल्यासारखे होते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच्या ढगांनी इकडची थंडी चार-सहा दिवस पळवून लावली. चक्रीवादळे पूर्वीही यायची, ढग पूर्वीही यायचे. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ती अदृश्य गोधडीही थोडी थोडी जाड होत चालली आहे.

हे बाष्प कुठेतरी उतरतेही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये १७ तारखेच्या रात्री आमच्या जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात भयंकर पाऊस झाला. हसनाळ आणि आसपासच्या गावांत रात्रीतून पाणी शिरले, माणसे दगावली, जनावरे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला पुण्याहून, मुंबईहून फोन. 'गुरुजी, बरे आहात ना?' त्यांनी मुखेडचे मुदखेड वाचले होते. मी प्रत्येकाला सांगत होतो, 'ते आम्ही नव्हे, ते मुखेड.' दहाव्यांदा हे वाक्य म्हणताना माझाच मला राग आला. एका अक्षराच्या फरकाने आपण वाचलो, याचे समाधान माझ्या आवाजात होते. तसेच ते न दुखलेल्या गुडघ्यांचे समाधान होते.

कारण हिवाळा सौम्य झाला की म्हाताऱ्यांना बरे वाटते, हे कबूल करायला हवे. हिचा दमा त्या वर्षी उठला नाही. डॉक्टरकडचा खर्च वाचला. पण ज्या थंडीने आम्हाला छळले, तिच्याच जिवावर आमची ज्वारी, गहू आणि हरभरा उभा असतो. हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी ऊन वाढले की पीक घाईने पिकते, दाणा बारीक राहतो. गव्हाचेही तेच. २०२२ चा मार्च देशात असाच तापला होता. तेव्हा गव्हाचे उत्पादन घटण्याची भीती निर्माण झाली आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो. रोजगाराच्या कामावर खडी फोडणारी बाया-माणसे आणि रेशनचा लाल मिलो मी पाहिला आहे. तेव्हा पाऊस नव्हता, हे डोळ्यांना दिसत होते. आता जे कमी पडते आहे ते दिसत नाही. उलट अंगाला सुखावते. म्हणून त्याची भीती जास्त वाटते.

एप्रिलमध्ये मी पुन्हा त्या मळ्यात गेलो. ऐन लग्नसराई, पण कळी बारीक होती आणि कमीही. कळी पोखरणारी अळी पडली होती, फवारणीचा खर्च वाढला होता. माघात जे चार पैसे जास्तीचे मिळाले होते, ते चैत्रात फिटले. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. त्याला मात्र दर वर्षी एकाच वर्षावर जगायचे असते.

बांधावर बसून त्याने विचारले, "गुरुजी, मोगरा ठेवू का मोडू?"

हा मुलगा आठवीत असताना मी त्याला शाळा सोडू नको म्हणून सांगितले होते. पुढे बहिणीच्या लग्नाच्या वेळी जमीन विकू नको म्हणून सांगितले. दोन्ही वेळा त्याने ऐकले. गावात मास्तरला विचारतात ते उत्तर मिळते म्हणून. मी बराच वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, "मला नाही सांगता येत रे."

तो म्हणाला, "मंग आमी इचारावं कुणाला?" त्यात राग नव्हता. मग दुचाकीकडे बोट करून म्हणाला, "ही एक गाडी हाय माझ्याकडं. अन् एक मोटर, तीबी लाइट असली तर चालती. येवढ्यानं आभाळ तापलं का?"

नाही तापले. भारतातला माणूस सरासरीने जितका कार्बन हवेत सोडतो तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि त्यातही शेवटच्या बाकावरचा माणूस सगळ्यात कमी. वर्गात दंगा पुढच्या बाकांनी करायचा आणि छडी मागच्याने खायची, हे मी माझ्या वर्गात कधी होऊ दिले नाही, अशी माझी समजूत आहे. या मोठ्या वर्गात मात्र तेच चालले आहे. आणि माझे पुण्यातले घर, मुलाच्या खोलीतले एसी, आमच्या वर्षाकाठच्या गाड्या-घोड्यांच्या फेऱ्या यांचा हिशेब केला तर मी काही मागच्या बाकावर बसत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात थंडी लवकर आणि चांगली पडली. पेटी खाली आली. माझे गुडघे दुखायला लागले. चहाच्या टपरीवर मित्रमंडळींनी मला घेरले. "काय गुरुजी, कुठं गेलं तुमचं तापमान?" मी म्हटले, "गैरहजर राहणारा मुलगा एक दिवस शाळेत आला म्हणून मास्तर खूश होतो. पण हजेरीपटातल्या मागच्या रेघा खोडत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मला खरेच आनंद झाला होता. हिला मात्र त्या रात्री बसून काढावे लागले.

त्याच आठवड्यात मी नांदेडहून एक तापमापक आणला, रात्रीचे किमान आणि दिवसाचे कमाल दाखवणारा. सोबत दोनशे पानी वही. दोन्ही घेऊन मळ्यात गेलो. मोगरा त्याने मोडला नव्हता. छाटणी चालू होती. त्याला म्हटले, तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण पाणी कधी तोडले, छाटले कधी, पहाटे पारा किती, पहिली कळी कधी, हे लिहीत जा. पाच-सात वर्षांनी ही वही तुला माझ्यापेक्षा बरे उत्तर देईल. तेव्हा मी असेन-नसेन.

त्याने तापमापक विहिरीजवळच्या खोपीत, सावलीला टांगला. वही मात्र त्याने घेतली नाही. नववीतल्या मुलीला हाक मारली आणि तिच्या हातात दिली. "माझं अक्षर तुमाला ठाव हाय गुरुजी." तिने पहिल्या पानावर तारीख घातली, तापमापकाकडे पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, दशांश पण लिहायचा का?"

लिहायचा, म्हटले. दशांशाचीच तर सगळी गोष्ट आहे.